रजोनिवृत्ती आणि रोहिण्या

पाळी गेली की ‘सुटले बाई एकदाची’ असे बायका म्हणतात. ते एका परीने खरेच. परंतु त्याच सुमारास शरीरातून आणखीही काही ओसरते, आणि त्याचा संबंध थेट हृदयाशी पोचतो, ही गोष्ट घरांत फारशी कोणी काढीत नाही.

रोहिणीच्या आतल्या अंगास पेशींचे एक पातळ अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करते. त्याने रोहिणीची भिंत सैलावते व रक्तास वाट मोकळी होते. स्त्रीबीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन या कामी साहाय्य करते. ते आटले की रोहिण्या ताठर होऊ लागतात.

मग आटले ते बाहेरून का घालू नये? तर्क मोठा सरळ. अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या १९४२ पासून खपत होत्या. परिचारिकांच्या पाहणीत त्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला. पण गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया बहुधा मुळातच प्रकृतीस जपणाऱ्या. गुण गोळीचा म्हणावा की राहणीचा?

म्हणून १६,६०८ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी करून निम्म्यांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची गोळी, निम्म्यांना नुसती पोकळ गोळी देण्यात आली. २००२ च्या जुलैत हा प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. दर दहा हजारांमागे वर्षाला हृदयविकाराचे ७ व पक्षाघाताचे ८ रुग्ण अधिक! आकडे लहान, पण आशा उलटी फिरली होती.

मात्र या स्त्रियांचे सरासरी वय होते ६३. रोहिणीत चरबीचे थर बसल्यावर औषध द्यायचे, म्हणजे भिंत पोखरल्यावर गिलावा करायचा. २०१६ साली ६४३ स्त्रियांवरील दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाळी जाऊन सहा वर्षे झालेली नव्हती त्यांच्या मानेतील रोहिणीची भिंत औषधाने सावकाश जाड झाली. दहा वर्षे उलटलेल्यांत फरक पडला नाही. अर्थात भिंतीची जाडी म्हणजे हृदयविकाराचा झटका नव्हे.

आज केवळ हृदयरक्षणासाठी हे औषध देत नाहीत. अंगाची लाही होते, रात्री घामाने झोप मोडते, अशा साठीच्या आतील स्त्रीस स्तनांचा विकार व रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास विचारूनच देतात.

आम्हांस खरी काळजी वाटते ती निराळ्या स्त्रियांची. बीडकडच्या ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढल्याचा बोभाटा २०१९ साली झाला. गर्भाशयाबरोबर तरुणपणीच दोन्ही बीजकोशही गेले, तर इस्ट्रोजेन एका दिवसात आटते, आणि पुढची वीसपंचवीस वर्षे रोहिण्यांना त्यावाचून काढावी लागतात. अशा स्त्रीस, दुसरी अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या स्वाभाविक वयापर्यंत हे औषध द्यावे असे वैद्यक सांगते. शस्त्रक्रियेपूर्वी ‘बीजकोश ठेवणार की काढणार?’ एवढे तरी डॉक्टरांस विचारावे.