बाजारातली पत

(एखादी वस्तू चांगली असली, म्हणजे ती बाजारात टिकतेच असे नाही. चांगली वस्तू मागे का पडते आणि ती मागे पडत आहे हे आधी कसे ओळखावे, हे या पाठात एका जपानी कंपनीच्या उदाहरणावरून सांगितले आहे.)

मुलांनो, व्हिडिओ गेम तुम्हांला माहीत आहेत. आज बरीच मुले मोबाइलवर खेळतात. पण केवळ खेळण्यासाठी बनवलेले, टीव्हीला जोडायचे एक यंत्रही असते. त्याला 'कन्सोल' म्हणतात. नुसता कन्सोल काही कामाचा नाही. त्याच्यासाठी खेळ विकत घ्यावे लागतात. पूर्वी ते कॅसेटमध्ये येत, पुढे तबकडीवर येऊ लागले. एका कंपनीच्या कन्सोलची तबकडी दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर चालत नाही. म्हणून कन्सोल घेणारा माणूस पुढच्या चार-पाच वर्षांचा विचार करतो. 'या यंत्रासाठी नवे खेळ येत राहतील,' या भरवशावर तो पैसे मोजतो.

हा धंदा तिघांच्या विश्वासावर चालतो. पहिला गिऱ्हाईक, दुसरा दुकानदार आणि तिसरा खेळ तयार करणारा. पुष्कळदा कंपनी कन्सोल स्वस्तात विकते, कधी कधी तर तोटा सोसूनही विकते. मग खेळांच्या विक्रीतून ती नफा मिळवते. दुसऱ्या कंपनीने बनवलेला खेळ विकला गेला, तरी त्यातला काही हिस्सा कन्सोलच्या कंपनीला मिळतो. घरोघरी कन्सोल असले, की खेळ बनवणारे पुढे येतात. खेळ पुष्कळ असले, की गिऱ्हाईक वाढते. हे चाक सरळ फिरू लागले, तर भरभराट होते. उलटे फिरू लागले, तर ते थांबवणे फार कठीण जाते.

जपानमधील सेगा या कंपनीची हकिगत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. १९८८ साली सेगाने 'मेगा ड्राइव्ह' नावाचा कन्सोल बाजारात आणला. अमेरिकेत तो 'जेनेसिस' या नावाने खूप खपला. 'सोनिक' नावाचा निळा, वेगाने धावणारा साळिंदरासारखा प्राणी मुलांचा आवडता झाला. कंपनीचे नाव झाले.

पुढे मात्र सेगाने घाई केली. १९९४ च्या नोव्हेंबरात तिने अमेरिकेत 'थर्टी-टू-एक्स' नावाचे एक जोडयंत्र विकायला काढले. जुन्या कन्सोलवर ते बसवायचे होते. त्याच महिन्यात जपानमध्ये तिचाच 'सॅटर्न' हा नवा कन्सोल आला. साहजिकच जोडयंत्राला फारसे खेळ मिळाले नाहीत आणि थोड्याच काळात ते मागे पडले. ज्यांनी ते घेतले होते, त्यांचे पैसे अडकून पडले.

१९९५ साली याहून मोठी चूक झाली. अमेरिकेत सॅटर्न सप्टेंबरात मिळेल, असे सेगाने आधी सांगितले होते. पण मे महिन्यात लॉस एंजेलिस येथील प्रदर्शनात 'विक्री आजपासूनच सुरू' असे तिने जाहीर केले. माल फक्त निवडक दुकानांना दिला होता. बाकीचे दुकानदार रागावले. त्यांतील काहींनी तर सेगाचा माल ठेवणेच सोडून दिले. खेळ बनवणारे सप्टेंबरच्या हिशेबाने काम करत होते, त्यामुळे तयार खेळही थोडेच होते. सॅटर्नची किंमत होती ३९९ डॉलर. त्याच प्रदर्शनात सोनी कंपनीने आपल्या 'प्लेस्टेशन'ची किंमत २९९ डॉलर जाहीर केली. सॅटर्न अमेरिकेत चालला नाही. गिऱ्हाईक, दुकानदार आणि खेळ बनवणारे, तिघांच्याही मनात सेगाबद्दल शंका निर्माण झाली.

अशा परिस्थितीत सेगाने 'ड्रीमकास्ट' हा कन्सोल तयार केला. तो २७ नोव्हेंबर १९९८ रोजी जपानमध्ये आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. यंत्र खरोखरच चांगले होते. त्याची चित्रे त्या काळी डोळे दिपवणारी होती. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडण्यासाठी लागणारा मोडेम त्यात बसवलेलाच होता. अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाखांहून अधिक कन्सोल विकले गेले. सेगाचे दिवस पालटले, असे पुष्कळांना वाटले.

तरीही दीड वर्षाच्या आत ड्रीमकास्ट बंद करण्याची घोषणा झाली. असे का झाले? बारकाईने पाहिले, तर त्याच्या खुणा आधीपासून दिसत होत्या.

पहिली खूण म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनी पाठ फिरवणे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स ही खेळ बनवणारी फार मोठी अमेरिकन कंपनी. तिचा 'फिफा' हा फुटबॉलचा खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. या कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. सेगाने स्वतः खेळ बनवून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांतले काही खेळ उत्तम होते. पण आपल्या आवडीचा खेळ ज्या यंत्रावर मिळत नाही, ते यंत्र माणूस कशाला घेईल?

दुसरी खूण म्हणजे गिऱ्हाइकाने थांबून राहणे. १९९९ च्या मार्च महिन्यातच सोनीने आपल्या पुढच्या कन्सोलची माहिती दिली होती. हा 'प्लेस्टेशन २' जुन्या प्लेस्टेशनचे खेळ चालवणार होता. त्यावर डीव्हीडीचे सिनेमेही पाहता येणार होते. ऑक्टोबर २००० मध्ये तो अमेरिकेत आला, तेव्हा दुकानांत पुरेसा मालच नव्हता. ड्रीमकास्ट मात्र समोर ठेवलेला होता आणि स्वस्तही होता. तरी पुष्कळ लोकांनी तो घेतला नाही. ते प्लेस्टेशनची वाट पाहत राहिले. समोरचा स्वस्त माल सोडून गिऱ्हाईक जेव्हा न मिळणाऱ्या मालासाठी थांबते, तेव्हा दोष केवळ किमतीत नसतो, हे समजावे.

तिसरी खूण म्हणजे पुन्हा पुन्हा उतरणारी किंमत. येथे थोडा विवेक हवा. किंमत उतरली म्हणजे धंदा बुडाला, असे नाही. १९९६ साली सोनीनेही प्लेस्टेशनची किंमत २९९ वरून १९९ डॉलर केली आणि तिचा खप वाढला. यंत्र बनवण्याचा खर्च कमी झाला, की किंमत कमी करता येते. पण पडून राहिलेला माल संपवण्यासाठी किंमत उतरवावी लागली, तर ते चांगले लक्षण नव्हे. ड्रीमकास्ट १९९ डॉलरला विकायला आला होता. २००० साली तो १४९ डॉलरवर आला. २००१ च्या फेब्रुवारीत ९९ डॉलर झाला आणि पुढे ५० डॉलरच्याही खाली गेला. म्हणून किमतीची चिठ्ठी पाहताना खेळांची यादीही पाहावी. किंमत उतरत आहे आणि नवे खेळही येत आहेत, तर काळजी नाही. दोन्ही एकदम आटू लागले, तर सावध व्हावे.

चौथी खूण कंपनीच्या बोलण्यात सापडते. २००० साल संपेपर्यंत अमेरिकेत ५० लाख ड्रीमकास्ट विकायचे, असे सेगाचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात सुमारे ३० लाख विकले गेले. पुढे निन्टेन्डो कंपनीच्या 'वी यू' या कन्सोलच्या बाबतीतही असेच दिसले. मार्च २०१४ अखेरच्या वर्षात ९० लाख यंत्रे विकली जातील, असा तिचा अंदाज होता. जानेवारीत तिने तो २८ लाखांवर आणला. कंपनी स्वतःच आपला अंदाज इतका खाली आणते, तेव्हा ते केवळ आकड्यांचे काम राहत नाही. तो आकडा वाचून खेळ बनवणारेही आपला बेत बदलतात.

पाचवी खूण पैशाची. सेगाला वर्षामागून वर्षे तोटा होत होता. यंत्र स्वस्तात विकायचे आणि खेळांवर कमवायचे, हा तिचा हिशेब होता. त्यातच २००० साली ड्रीमकास्टच्या खेळांच्या नकली तबकड्या चालवण्याची युक्ती लोकांना सापडली. मिळकतीची उरलेली वाटही त्यामुळे अरुंद झाली. प्लेस्टेशन २ शी टक्कर देण्यास जाहिराती हव्या होत्या, नवे खेळ हवे होते, आणि तिजोरी रिकामी होत चालली होती.

अखेर ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने घोषणा केली, की मार्चअखेर ड्रीमकास्टचे उत्पादन बंद होईल. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा त्या वेळी आजारी होते. त्यांनी आपल्या मालकीचे सुमारे ७० कोटी डॉलर किमतीचे शेअर कंपनीला देऊन टाकले. त्यामुळे कंपनी तगली. १६ मार्च २००१ रोजी ओकावा यांचे निधन झाले. त्यानंतर सेगाने कन्सोल बनवले नाहीत. ती इतरांच्या कन्सोलसाठी खेळ बनवू लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस सेगाचा सोनिक तिच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या कन्सोलवर धावू लागला.

ड्रीमकास्ट जगभरात एकूण ९१ लाखांच्या आसपास विकला गेला. ज्यांच्या घरी तो होता, त्यांचे यंत्र काही त्या दिवशी बंद पडले नाही. आजही जुन्या वस्तूंचे शौकीन तो जपून ठेवतात. पण ज्या मुलाने वर्षभर पैसे साठवून तो घेतला असेल, त्याला नव्या खेळांची वाट पाहणे सोडून द्यावे लागले.

'बूँद से गयी वह हौद से नहीं आती' ही म्हण तुम्ही घरी ऐकली असेल. मराठी माणसेही ती जशीच्या तशी वापरतात. सेगाच्या बाबतीत हेच घडले. १९९४ आणि १९९५ साली जी पत गेली, ती १९९९ सालच्या चांगल्या यंत्रानेही पुरती परत आली नाही. कोणतीही महागडी वस्तू घेताना आपण तिची चमक पाहतो, किंमत पाहतो. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. या वस्तूला लागणारे सामान पुढे मिळेल काय? दुकानदार ती आनंदाने ठेवतो काय? आणि बनवणाऱ्याने मागच्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळला होता काय?

शब्दार्थ
पत – बाजारातील विश्वास, साख
भरवसा – विश्वास, खात्री
हिस्सा – वाटा
उणीव – कमतरता
उद्दिष्ट – गाठायचे ठरवलेले ध्येय
पाठ फिरवणे – साथ सोडणे
तगणे – टिकून राहणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ड्रीमकास्ट अमेरिकेत केव्हा विक्रीस आला?
(आ) कन्सोलचा धंदा कोणत्या तिघांच्या विश्वासावर चालतो?
२. कारणे द्या.
(अ) १९९५ साली अमेरिकेतील काही दुकानदार सेगावर रागावले.
(आ) प्लेस्टेशन २ मिळत नसतानाही लोकांनी ड्रीमकास्ट घेतला नाही.
३. किंमत उतरणे हे केव्हा चांगले लक्षण असते व केव्हा वाईट, ते पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत लिहा.
४. तुमच्या गावातील एखाद्या दुकानाची पत चांगली का आहे, हे घरातील मोठ्या माणसांना विचारा व वर्गात सांगा.