मागच्या रांगेतली फ्लॉरेन्स

मैत्रिणींनो, भजनी मंडळ म्हटलं की त्यातल्या बाया बदलायच्याच! एकीचं लग्न ठरतं, दुसरी नातवाला सांभाळायला नाशिकला जाते, तिसरीचे गुडघे मांडी घालू देत नाहीत. मुक्ताईनगरच्या आमच्या मंडळात मी टाळ हाती धरला, तेव्हाच्या अकरा जणींपैकी आज चौघीच उरलोय. तरी मंडळ तेच. मग मंडळ म्हणजे नेमकं कोण? हा प्रश्न मला पडला तो मुलीनं ऐकवलेल्या ‘द सुप्रीम्स’ या अमेरिकन गटाच्या गाण्यांमुळे.

तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एक जण पुढे गातो आणि बाकीचे मागून उचलून धरतात, आपल्या ध्रुपदासारखंच. त्या गाण्याचा जीव घेऊन जे प्रेमाचं, संसाराचं गाणं तयार झालं, त्याला ‘सोल’ म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. नाव छान आहे ना?

डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. १९५९ मध्ये तिथं फ्लॉरेन्स बॅलर्ड, मेरी विल्सन, डायना रॉस आणि बेटी मॅकग्लोन या शाळकरी मुलींनी गट जमवला. नाव होतं ‘प्राइमेट्स’. लग्न करायचं म्हणून बेटी १९६० मध्ये बाहेर पडली. तिच्या जागी बार्बरा मार्टिन आली. बाळाच्या वेळी, १९६२ मध्ये, तीही गेली. माय वं, कारणं तीच की! समुद्र ओलांडला तरी बाईला गाणं सोडायला लावणाऱ्या गोष्टी काही बदलत नाहीत.

१९६१ मध्ये ‘मोटाउन’ या रेकॉर्ड कंपनीनं त्यांना घेतलं. नवीन नाव हवं होतं. समोर आलेल्या नावांतून ‘सुप्रीम्स’ हे नाव फ्लॉरेन्सनं निवडलं. हे लक्षात ठेवा बरं का. तिचा आवाज भरदार होता आणि सुरुवातीला तीही पुढे गायची. पण कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांना डायनाचा पातळ, कानात राहणारा आवाज पसंत पडला. ती पुढे आली, फ्लॉरेन्स आणि मेरी मागे झाल्या.

सुरुवातीची गाणी पडलीच. मग १९६४ पासून असं काही जमलं की १९६९ पर्यंत १२ गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली! काळ्या माणसाला समान हक्कांसाठी रस्त्यावर यावं लागत होतं, त्याच काळात या तिघी झगमगीत गाऊन घालून टीव्हीवरून घराघरांत पोचल्या.

आणि १९६७ मध्ये पाटी बदलली. ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’. आपल्याकडेही होतं हे. मागे एका नवरात्रात आयोजकांनी आमच्या बॅनरवर एकाच बाईचं नाव मोठ्या अक्षरात छापलं आणि खाली ‘आणि मंडळी’. आमच्या जिजी, ज्यांनी घरोघरी फिरून हे मंडळ जमवलं, त्या ‘मंडळी’त गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी चहाही घेतला नाही.

त्याच वर्षी फ्लॉरेन्सला गटातून काढलं आणि सिंडी बर्डसाँग आली. फ्लॉरेन्स पिऊ लागली होती, कार्यक्रम चुकवत होती, हेही खरं. पण का पिऊ लागली, हे त्या वेळी कोणी शांतपणे विचारलं असतं तर? पुढे तिचं घर गेलं, सरकारी मदतीवर राहायची वेळ आली. तीन मुली मागे ठेवून १९७६ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, ती गेली.

डायना १९७० च्या जानेवारीत स्वतंत्र झाली. जीन टेरेल आली, मग आणखी काही जणी आल्या-गेल्या. १९७७ मध्ये गट थांबला, तेव्हा पहिल्या चौघींतली एकटी मेरी उरली होती. मला विचाराल तर मंडळ मेरीचं! २००० मध्ये डायनानं पुन्हा दौरा काढला, तो मेरी आणि सिंडीशिवाय. सोबत घेतलेल्या दोघी नंतरच्या फळीतल्या, डायनाबरोबर सुप्रीम्समध्ये कधी गायलेल्याच नव्हत्या. तिकिटं खपेनात, दौरा मधेच गुंडाळावा लागला. लोकांना कळतं हो.

मेरीनं एक काम मात्र चांगलं केलं. मूळ गटाशी संबंध नसलेल्यांनी जुन्या गटाचं नाव लावून तिकिटं विकू नयेत, असा कायदा व्हावा म्हणून ती राज्याराज्यांत फिरली आणि अनेक राज्यांनी तो केलाही. २०२१ मध्ये, ७६ व्या वर्षी ती गेली.

आमच्या जिजींचा आवाज आता फाटलाय. वरचा सूर लागत नाही, पण चाल चुकली की टाळ थांबवून आधी त्याच बघतात. नव्या सुनांना वाटतं, म्हातारी उगाच रागावते. परवाच्या सरावाला त्यांना पेटीजवळ बसवलं आणि एका सुनेला सांगितलं, वहीच्या पहिल्या पानावर त्या अकरा जणींची नावं लिहून काढ. तिनं विचारलं, ‘कोणापासून सुरुवात करू?’ जिजींनी स्वतःचं नाव सोडून बाकीची दहा घडाघडा सांगितली.