परकीय द्रव्य, गुप्तता आणि विधिमंडळाची देखरेख

इंग्रजीतील ‘ओव्हरसाइट’ या शब्दाला दोन परस्परविरुद्ध अर्थ आहेत: एक देखरेख, दुसरा नजरचूक. मराठीने त्यांसाठी दोन निराळे शब्द ठेवले आहेत. हेरखात्यांवर लोकप्रतिनिधींनी ठेवावयाच्या देखरेखीचा इतिहास पाहता मात्र हे दोन्ही अर्थ कित्येक वर्षे एकत्रच नांदत होते असे म्हणावे लागते. या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो.

साम्यवादाला वैचारिक विरोध करण्याच्या हेतूने 1950 साली बर्लिन येथे सांस्कृतिक स्वातंत्र्य परिषद स्थापन झाली. तिचे भारतीय अधिवेशन मार्च 1951 मध्ये भरले. ते प्रथम दिल्लीत व्हावयाचे होते. परंतु अलिप्ततेचे धोरण अंगीकारलेल्या सरकारला ते रुचले नाही, आणि ते मुंबईस हलवावे लागले. मिनू मसानी हे त्याच्या पुरस्कर्त्यांत अग्रभागी होते, तर परदेशी पाहुण्यांत ऑडेन यांच्यासारखा कवी होता. पुढे 1955 मध्ये भारतीय समितीने निसीम इझिकेल यांच्या संपादकत्वाखाली ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक काढले. कालांतराने त्याची धुरा वाहणाऱ्यांत महाराष्ट्राच्या प्रबोधनकार्याशी निकटचा संबंध असलेले अ. भि. शहा हेही होते. ‘क्वेस्ट’मधील कविता, समीक्षा आणि वादविवाद यांचा दर्जा आजही मान्य केला जातो. ते कोणाचे हस्तक होते, असा सरसकट निष्कर्ष त्या अंकांवरून निघत नाही.

तथापि, मूळ परिषदेला मिळणारा पैसा धर्मादाय न्यासांच्या आडून अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तवार्ता संस्थेकडून येत होता, हे 1966 आणि 1967 मध्ये उघडकीस आले. परिषदेच्या सन्माननीय अध्यक्षांपैकी एक असलेल्या जयप्रकाश नारायण यांनी या वेळी घेतलेली भूमिका मननीय आहे. परिषदेने नेहमी स्वतंत्रपणेच काम केले, एवढे म्हणून भागत नाही. पैसा देणाऱ्याने तो स्वतःच्या उपयोगाचा समजूनच दिला असणार, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांनी निष्ठेने लिहिले त्यांच्या लेखनावरही मागाहून संशयाची छाया पडली. गुप्ततेची किंमत देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याने अधिक मोजली.

हा पैसा ज्यांच्या संमतीवाचून खर्च होऊ शकत नव्हता, ते अमेरिकेचे विधिमंडळ काय करीत होते? काही ज्येष्ठ सभासदांच्या लहान उपसमित्यांपलीकडे तेथे व्यवस्था नव्हती. गुप्तवार्तेसाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती असावी, हा मॅन्सफील्ड यांचा ठराव सिनेटने 1956 मध्ये 59 विरुद्ध 27 मतांनी फेटाळला. त्या चर्चेत सिनेटर सॉल्टनस्टॉल यांनी मोकळेपणाने सांगितले की, अधिकारी माहिती देत नाहीत अशी अडचण नसून आपणच ती विचारण्यास नाखूष आहोत. नजरचुकीचे इतके प्रामाणिक समर्थन विरळाच!

पालट झाला तो 1974 नंतर. त्या वर्षीच्या ह्यूज–रायन दुरुस्तीने, परदेशातील गुप्त कारवाई राष्ट्रीय सुरक्षिततेसाठी महत्त्वाची आहे असे अध्यक्षांनी ठरविणे आणि ती संबंधित समित्यांना कळविणे बंधनकारक केले. फ्रँक चर्च यांच्या समितीची चौकशी 1976 मध्ये पूर्ण झाली आणि त्याच वर्षी सिनेटची कायम स्वरूपाची गुप्तवार्ता समिती आली. प्रतिनिधिगृहाची 1977 मध्ये. परदेशातील लोकशाहीला साहाय्य देण्यासाठी 1983 मध्ये नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी ही संस्था निघाली. तिला विधिमंडळाने उघडपणे मंजूर केलेला निधी देण्याची योजना होती. जे पूर्वी आडून दिले जाई, ते आता समोरून दिले जाऊ लागले. अर्थात उघड पैसा निर्हेतुक असतोच असे नाही. पण घेणाऱ्याला तो नाकारण्याची संधी राहते.

हे सर्व देणाऱ्या देशात घडले. घेणाऱ्या देशाच्या संसदेपुढे प्रश्न वेगळ्या रूपाने आला. 1967 च्या निवडणुकीत परकीय पैसा आला काय, याची चौकशी भारताच्या गुप्तवार्ता विभागाने केली; परंतु तिचा अहवाल प्रसिद्ध करण्यास गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी नकार दिला. पुढे 1976 मध्ये परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला आणि 2010 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या कायद्यांनी देणगी घेणारी संस्था सरकारच्या नजरेखाली आली. सरकारची स्वतःची गुप्तवार्ता खाती संसदेच्या नजरेखाली आणणारा कायदा मात्र झाला नाही. 1968 मध्ये स्थापन झालेली ‘रॉ’ ही संस्थाही कार्यकारी आदेशानेच अस्तित्वात आली आहे. खासदार मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये या खात्यांच्या अधिकारांचे नियमन करणारे आणि त्यांवर संसदीय देखरेख सुचविणारे खाजगी विधेयक मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.