प्रहरांची मुंबई

मुंबई पाहण्यास निघालेला मनुष्य बहुधा प्रेक्षणीय स्थळांची यादी बरोबर घेतो. माझ्या मते त्याने वेळेचे भान तेवढे बरोबर घ्यावे, कारण या शहरातील प्रत्येक मोहल्ला दिवसाच्या एखाद्याच प्रहरी पूर्ण जागा असतो, आणि तो प्रहर टळला की तेथे पाहण्यास केवळ इमारती उरतात. चैत्रातल्या एका दिवशी हाच क्रम सांभाळीत मी कुलाब्यापासून लालबागपर्यंत हिंडलो.

१८७५ साली बांधलेल्या ससून गोदीत उजाडण्यापूर्वीच लिलावांना तोंड लागलेले असते. बोटींतून टोपल्या वर येतात, धक्क्यावर बोंबील, कोळंबी, सुरमई यांचे ढीग लागतात न लागतात तोच कोळणी त्यांच्याभोवती कडे करून बोली लावू लागतात. पलीकडे कोळंबी सोलीत बसलेल्या स्त्रियांची मजुरी वजनावर ठरते, म्हणून गप्पांच्या ऐन रंगातही त्यांची बोटे थांबत नाहीत.

झवेरी बाजारात पोचलो तेव्हा पेढ्या उघडायच्या होत्या, आणि मला नेमके तेव्हाच तेथे असायचे होते. कारण ही झारेकऱ्यांची, म्हणजे धुळीतून सोन्याचे कण वेचणाऱ्यांची वेळ. मुंबादेवीच्या देवळालगतच्या गल्ल्यांत, वरच्या मजल्यांवरील कोंदट खोल्यांतून, बंगालहून आलेले कितीतरी कारागीर दिवसभर कानस चालवितात, आणि सोन्याचा अतिसूक्ष्म कीस त्यांच्या केसांना, कपड्यांना, तळव्यांना चिकटून जिन्यावरून रस्त्यावर उतरतो. कारखान्याच्या आतला केर आणि कारागिरांनी हात धुतलेले पाणीसुद्धा मालक बंदोबस्तात ठेवतो; रस्त्यावरच्या झारेकऱ्याच्या वाट्याला येते ती पायरीची कड, फरशीची भेग आणि गटाराचा काठ. तेथील धूळ तो कुंचल्याने अशा निगुतीने ओढून घेतो की, मागे राहिलेला दगड धुतल्यासारखा दिसावा. मग घमेल्यात पाणी घालून तो ते संथपणे फिरवू लागतो. हलकी माती काठावरून वाहून जाते, जड काळी रेती तळाशी बसते, आणि तिच्यात कालविलेला पारा सोन्याचे कण स्वतःत सामावून घेतो. पुढे तेजाब आणि अग्नी यांचे संस्कार होऊन जे उरते, ते तोळ्यामाशांच्या नव्हे, गुंजांच्या हिशेबात मोजावे लागते. पाऱ्याची वाफ देहाला किती घातक आहे, हे विज्ञानाने केव्हाच सिद्ध केले आहे. तरीही हे काम उघड्या हातांनी आणि उघड्या नाकाने चालते, आणि एवढ्या धनाढ्य बाजाराला त्याची खंत नसावी, याचा मला तेथे उभा असताना संताप आला.

ऐन दुपारी गिरगावातल्या खोताच्या वाडीत सावली मिळाली. दादोबा वामन खोत यांनी ईस्ट इंडियन म्हणविणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना विकलेल्या जमिनीवरची ही लाकडी सज्जांची, बाहेरून जिने असलेली घरे आता थोडीच राहिली आहेत; दुपारची वामकुक्षी मात्र तेथे अद्याप शाबूत आहे.

लालबागची मसाला गल्ली उन्हाळ्यात दिवस कलेपर्यंत गजबजलेली असते, आणि ती दिसण्याआधी ठसक्याने कळते. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत कामाला आलेल्या कुटुंबांनी आपापल्या गावची चव येथे आणली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले, त्यानंतर भोंगे कायमचे बंद पडत गेले, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. पण बेगमीच्या मसाल्यासाठी उपनगरांत पांगलेली घरे अजून येथेच येतात. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी, हे प्रमाण प्रत्येक घराचे निराळे, आणि ते कोणत्याही दस्तऐवजात नसून बायकांच्या तोंडी असते. धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री असे एकेक जिन्नस वेगळे भाजावे लागतात, कारण धण्याला लागणारी आच नागकेशराला जाळून टाकील. मग कांडपयंत्राची लोखंडी मुसळे ओळीने उठू-पडू लागतात. दुसऱ्याचा मसाला आपल्यात मिसळू नये म्हणून गृहिणी उखळ आधी झाडून घ्यायला लावते, चाळणीवर राहिलेला चरा पुन्हा कांडायला लावते, आणि डोळ्यांना पदर लावून तेथेच उभी राहते.

माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका आजींनी मुसळे थांबताच चिमूटभर मसाला तळहातावर घेतला, हुंगला, आणि सुनेला म्हणाल्या, "दगडफूल कमी पडलंय गं." सून पिशवी घेऊन दुकानाकडे वळली, यंत्रवाल्याने त्यांचे पातेले बाजूला सरकवून पुढच्या बाईंना हाक मारली.