संगीताचे मासिक कोणासाठी?

संगीताला वाहिलेले एखादे मासिक हाती आले की, त्यातील लेख किती विद्वत्तापूर्ण आहेत, मुखपृष्ठ किती देखणे आहे, याची चर्चा होते. ते कोणासाठी निघाले आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते पहिला प्रश्न हाच होय. ज्या संपादकाला आपला वाचक ठाऊक नाही, त्याची विद्वत्ता कपाटातच राहते.

इंग्लंडमधील एक उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. जोसेफ माइन्झर हे मूळचे जर्मन धर्मगुरू. पॅरिसमध्ये त्यांनी कामगारांसाठी गायनाचे मोफत वर्ग चालविले आणि 1841 साली इंग्लंडात येऊन तेच कार्य पुढे नेले. आपल्या वर्गांसाठी त्यांनी एक नियतकालिक काढले. 1844 साली ते आल्फ्रेड नोव्हेलो या प्रकाशकाकडे आले व ‘म्युझिकल टाइम्स अँड सिंगिंग क्लास सर्क्युलर’ या नावाने निघू लागले. आल्फ्रेडचे वडील व्हिन्सेंट हे लंडनच्या पोर्तुगीज वकिलातीतील कॅथलिक मंदिरात 25 वर्षे ऑर्गनवादक होते. तेव्हा गायकवृंदाच्या अडचणी या घराला नव्या नव्हत्या. गायनवर्गात जाणारा सामान्य मनुष्य हा या मासिकाचा वाचक. महाग स्वरग्रंथ त्याला परवडत नसत. म्हणून अंकाची किंमत अवघी दीड पेनी ठेविली आणि अंकासोबत एक समूहगीत स्वरलिपीसह दिले. वाचकाला जे हवे, तेच त्याच्या हाती पडले.

परंतु पाच रेघांची स्वरलिपी ज्यांना वाचताच येत नव्हती, त्यांचे काय? त्यांचा विचार जॉन कर्वेन या प्रॉटेस्टंट पाळकाने केला. रविवारच्या शाळांतील मुलांना व कष्टकरी लोकांना गाता यावे म्हणून त्याने सोल्फाच्या अक्षरांची सोपी पद्धत प्रचारात आणिली आणि तिच्या प्रसारार्थ ‘टॉनिक सोल्फा रिपोर्टर’ हे पत्र काढले. साध्या अक्षरांच्या खिळ्यांनी छापता येत असल्याने ही स्वरलिपी स्वस्तही पडे.

याउलट अमेरिकेतील ‘एट्यूड’ पाहा. थिओडोर प्रेसर या संगीतशिक्षकाने ते 1883 साली पियानो शिकणाऱ्या व शिकविणाऱ्यांसाठी काढले. पुढे ग्रामोफोन व रेडिओ घरोघर पोहोचले आणि पियानोभोवती जमणारे कुटुंब विरळ झाले. 1957 साली मासिक बंद पडले. वाचक बदलतो, ही जाणीव संपादकाने सतत ठेवावयास हवी.

हा विचार आपल्या दारापर्यंत येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेत लोकभाषेला वाव दिला आणि भाविकांच्या सहभागावर भर दिला. तेव्हापासून मराठी मिस्सागीतांचे महत्त्व वाढले. तथापि पुष्कळ गीतपुस्तिकांत केवळ शब्द असतात. चाल जुन्या गायकाच्या कंठात असते आणि त्याच्यासह ती मातीत जाते.

ती जपण्यासाठी एखादे छोटे पत्रक काढावयाचे झाले, तर ते कोणासाठी? गोव्यातील चर्चशाळांत मेस्तांनी पिढ्यान्‌पिढ्या सोल्फा शिकविला; तेथून आलेल्या व्हायोलिनवादकाला पाच रेघा हव्यात. पेटीवर बसणाऱ्याला देवनागरीतील सा-रे-ग-म हवे. मागच्या बाकावरच्या आजीला यांपैकी काहीच नको. तिला मोठ्या टाइपातील शब्द आणि शनिवारी संध्याकाळी चाल म्हणून दाखविणारा कोणी तरी हवा.

एकाच गायकवृंदातील हे तीन वाचक होत. आमची विनंती एवढीच की, पुढच्या वेळी गीतांची पाने छापण्यापूर्वी या तिघांना प्रत्यक्ष विचारावे. छपाईचा खर्च त्यानंतर काढावा.