कॉकचेफर: हुमणीचा विलायती चुलतभाऊ

मे महिन्यात बेसिंगस्टोकमध्ये रात्री नऊ-साडेनऊला दिवा लावून खिडकी उघडी ठेवलीत, तर एखाद्या दिवशी काहीतरी घूं करत येतं आणि टपकन काचेवर आपटतं. अंगठ्याच्या पेराएवढा, तपकिरी, केसाळ भुंगेरा. मागचं टोक चांगलं अणकुचीदार असतं, पण ती नांगी नव्हे. तो डंख मारत नाही. इंग्रजीत याला कॉकचेफर किंवा मे-बग म्हणतात. डूडलबग हेही त्याचंच एक नाव, जे 1944 मध्ये लंडनवर घोंघावत येणाऱ्या जर्मन व्ही-1 बॉम्बना चिकटलं. तुमचं गाव उसाच्या पट्ट्यातलं असेल तर ओळख सोपी आहे: हा हुमणीचा चुलतभाऊ.

वर दिसणारा भुंगेरा म्हणजे या किड्याच्या आयुष्याचं शेवटचं प्रकरण, जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं. त्याआधी तीन ते चार वर्षं तो मातीत असतो. पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली अळी मुळं कुरतडत वाढते, उन्हाळ्यात कोषात जाते, शरद ऋतूत पूर्ण भुंगेरा तयारही होतो, आणि तरी तो बाहेर येत नाही! अख्खा हिवाळा जमिनीतच काढतो. म्हणजे यंदा दिसलेला भुंगेरा तीन-चार वर्षांपूर्वी घातलेल्या अंड्यातला.

म्हणूनच एखाद्या वर्षी झुंडी दिसतात आणि पुढच्या वर्षी शुकशुकाट. गिल्बर्ट व्हाइट (1720–1793) या निसर्गनिरीक्षक पाद्र्याने हे टिपून ठेवलं होतं. त्याचं शिक्षण बेसिंगस्टोकमध्येच झालं आणि त्याचं सेलबर्न गाव इथून वीसेक किलोमीटरवर. दर तीन-चार वर्षांनी हे किडे उदंड होतात आणि ओकची रानंच्या रानं बोडकी करतात, असं त्याचं निरीक्षण.

आता पानांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. संध्याकाळी नर झाडांच्या शेंड्यांभोवती घिरट्या घालतात. माद्या बहुतेक वेळ फांदीवर बसून पानं खात असतात. अंधारात मादी सापडते कशी? वासाने. पान कुरतडलं की हिरवा, उग्रसर वास सुटतो. लॉन कापल्यावर येतो ना, त्याच जातीचा. नर तो हुंगत येतो आणि त्यात मादीचा स्वतःचा गंध मिसळला असेल तर आणखी ओढला जातो. त्यासाठी त्याच्या मिशांच्या टोकाला सात पाकळ्यांचा मोठा पंखा असतो. मादीचा सहा पाकळ्यांचा आणि आखूड. थोडक्यात, मादीचं जेवण हीच नराला मिळणारी खूण.

ओरबाडलेला ओक बहुधा मरत नाही. उन्हाळ्यात तो पानांची दुसरी पालवी फोडतो.

आपल्याकडची हुमणी वर्षभरात चक्र पुरं करते. वळवाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर भुंगेरे दिवेलागणीला बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. उसाचं किंवा भुईमुगाचं नुकसान ते करत नाहीत. ते पुढे त्यांच्या अळ्या करतात, मुळं खाऊन. उभं पीक पिवळं पडेपर्यंत कळतही नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून शहाणा उपाय बांधावरच्या झाडापाशी: रात्री फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. पण हे एकट्याने करून भागत नाही. शेजाऱ्याच्या बाभळीवरचा भुंगेरा तुमचा बांध मानत नाही.

बेसिंगस्टोकमध्ये प्रश्न जवळजवळ उलटा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर कीटकनाशकांनी कॉकचेफर खूप कमी झाला. पुढे फवारणी आवरल्यावर सावरला. नॉक्ट्यूलसारखी मोठी वटवाघळं त्याच्यावर ताव मारतात, रूक पक्षी त्याच्या अळ्या उकरतात. तुमचं लॉन कुणी उकरलं असेल तर कॉकचेफरवर लगेच आळ घेऊ नका. इथल्या लॉनमध्ये जास्त करून गार्डन चेफर हा त्याचा धाकटा भाऊबंद असतो. घरगुती बागेसाठी या अळ्यांवर रासायनिक औषध आता मिळतही नाही. मिळतात ते सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंत, जे अळीच्या शरीरात शिरून तिला मारतात. ते उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, माती ऊबदार आणि ओली असताना द्यायचे. आणि गवत नुसतंच थोडं विरळ झालं असेल, तर माझं मत विचाराल तर तेवढंही करू नका.