घरच्या जुन्या मोटारीचें तेलपाणी

गाडीच्या आंसास वेळच्या वेळीं वंगण मिळालें पाहिजे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या इतकी परिचयाची होती कीं, मनुष्याच्या आयुष्याचें रहस्य समजावून देतांना चरकसंहितेंत आंसाचाच दृष्टांत घेतला आहे. आयुष्य नियत कीं अनियत, असा प्रश्न विमानस्थानांत अग्निवेश विचारतो. तेव्हां आत्रेय सांगतात कीं, चांगल्या गुणांचा आंस नीट हांकलेल्या गाडीस लावला तर तो आपल्या स्वाभाविक झिजेनेंच संपतो. पण भार फार झाला, वाट विषम लागली, हांकणारा वाईट मिळाला अथवा वंगण मिळालें नाहीं, तर तोच आंस मध्येंच मोडतो. वंगण घालण्यास तेथें ‘उपांग’ असा सुरेख शब्द आहे. बैलगाडीच्या जागीं मोटार आली, तरी हीं चारहि कारणें जशींच्या तशीं राहिलीं आहेत. त्यांपैकीं पहिलीं तीन पुष्कळदां आपल्या हातीं नसतात. चौथें सर्वस्वीं आपल्या हातचें असून त्याचीच हेळसांड सर्वांत अधिक होते.

जुन्नर व आंबेगांव हे तालुके पुणें-नाशिक रस्त्यावर मध्यें वसलेले आहेत. दक्षिणेकडून, पुण्यांत तयार होणारी टाटांची सुमो १९९४ पासून येऊं लागली. उत्तरेकडून, नाशिकास तयार होणारी महिंद्रांची बोलेरो २००० पासून. (सुमो हें नांव जपानी मल्लांवरून पडलें असें मुलें समजतात, तें टेल्कोचे सुमंत मूळगांवकर ह्यांच्या नांव-आडनांवांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलें आहे.) सुमोची निर्मिति २०१९ मध्यें थांबली, तरी ओतूर, नारायणगांव, मंचर, घोडेगांव येथील कित्येक अंगणांत ती अद्याप उभी आहे. मुलें पुण्यामुंबईस, कोणी परदेशीं. घरीं वडील मंडळी, आणि गाडी. पाहुण्यांस लेण्याद्रि-ओझरचें दर्शन घडवावें, मळ्यांत फेरी मारावी, लग्नकार्यांत धांवाधांव करावी, एवढेंच तिचें काम. परंतु पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यांतील एखाद्या गांवीं मध्यरात्रीं कोणाच्या छातींत कळ आली, तर मंचरचें उपजिल्हा रुग्णालय गांठण्यास पहिला आधार दारांतल्या ह्या गाडीचाच असतो. पंधरा वर्षांनंतर तिची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते. त्या तपासणींत धूर, दिवे, ब्रेक पाहतात. इंजिनांतील ऑइल किती वर्षांचें आहे, हें कोणी विचारीत नाहीं.

ऑइल केवळ झीज वारतें, असें समजणें अपुरें आहे. पिस्टन व सिलिंडर, क्रँक व त्याचें बेअरिंग ह्यांच्यामध्यें तें केसाहूनहि पातळ पडदा धरतें, त्यामुळें धातूस धातु लागत नाहीं. जेथें रेडिएटरचें पाणी पोंचत नाहीं, तेथील उष्णता तेंच वाहून नेतें. ज्वलनानें होणारी काजळी तें आपल्या अंगांत धरून ठेवतें, आम्लें मारतें, गंज थोपवितें. डिझेलच्या गाडींत नवें ऑइल थोड्याच दिवसांत काळें पडतें, ह्यावरून तें बिघडलें असें नव्हे. तें काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ह्या कामासाठीं त्यांत मिसळलेलीं द्रव्यें हळूहळू खर्चीं पडतात. तीं संपलीं कीं गाळ बसूं लागतो व ऑइलच्या बारीक वाटा बुजतात. जुन्या इंजिनांत पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्यामुळें जळके वायु व थोडें न जळलेलें डिझेलहि खालीं ऑइलांत उतरतें. म्हणून तरुण गाडीपेक्षां वृद्ध गाडीचें ऑइल लवकर विटतें. एक गोष्ट मात्र सुधारली आहे: सुमो नवी होती त्या काळीं आपल्या डिझेलमध्यें शेंकडा एक भागापर्यंत गंधक असे, १ एप्रिल २०२० पासून सर्व देशांत ही मर्यादा दशलक्षांत दहा भागांवर आली. गंधकाचें आम्ल कमी झालें. काजळी, धूळ व पाणी आहेतच.

“गाडी वर्षांत दोन हजार किलोमीटरहि चालली नाहीं, मग ऑइल कशाला बदलावयाचें?” हें वाक्य आम्हीं अनेक सुशिक्षित घरांत ऐकलें आहे, आणि अनर्थाचें मूळ तेंच आहे. डिझेल जळतांना पाण्याची वाफ उत्पन्न होते. गाडी तासभर चालली तर इंजिन पुरतें तापून ही वाफ निघून जाते. घरापासून मळ्यापर्यंत व मळ्यापासून घरापर्यंत एवढीच फेरी झाली, तर ती आंतच थिजते व ऑइलांत मिसळते. वर आपल्या पश्चिम भागांतील पावसाळ्याचे चार महिने. म्हणूनच गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत किलोमीटर व महिने असे दोन्ही अंक दिलेले असतात. त्यांतील जो आधीं पुरा होईल तो खरा. जुन्या डिझेल गाड्यांत पहिला अंक बहुधा पांच ते दहा हजारांचा असतो. धूळ, ओझें व चढाव असतील तर त्याहूनहि आधीं ऑइल बदलावें, असें सांगितलेलें असतें. नारायणगांवच्या बाजारास टोमॅटोचे क्रेट नेणाऱ्या व माळशेज चढणाऱ्या गाडीस ह्यांतलें कांहींच चुकत नाहीं. गाडी कितीहि थोडी फिरो, वर्षांतून एकदां तरी ऑइल बदललेंच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. दसऱ्यास झेंडूची माळ सर्वच घालतात; त्याच आठवड्यांत हेंहि उरकावें. पावसाळ्याचें पाणी त्याबरोबर निघून जाईल.

आंबेगांव तालुक्यांतील आमच्या परिचयाचें एक नांदतें घर होतें. भाऊ चार, गाडी एक. दोघे शेती पाहत, दोघे शहरांत नोकरीस. एका श्रावणांत मंडळी भीमाशंकरास निघालीं; गाडींत वृद्ध मातोश्री व दोन नातवंडें होतीं. डिंभ्याच्या पुढें चढावर ऑइलचा तांबडा दिवा लागला. जुन्या वायरिंगमुळें तो उगीच लागतो, अशी घरांत समजूत असल्यानें गाडी तशीच दामटली. थोड्याच वेळांत इंजिनानें खडखडाट करून मान टाकली, व मातोश्रींस भर पावसांत रस्त्याच्या कडेस अडीच तास बसून राहावें लागलें. मिस्त्रीनें चेंबर उघडलें तेव्हां खालून डांबरासारखा गाळ निघाला. बॉनेटच्या आंतील चिठीवर मागची तारीख तीन वर्षांपूर्वींची होती. थोरल्यास वाटत होतें, धाकट्यानें केलें असेल. धाकट्यास वाटत होतें, दिवाळींत आलेल्या दादानें केलें असेल. दुरुस्तीला जो पैसा लागला त्यांत पंधरा वर्षें ऑइल बदलून झालें असतें. “आम्ही वर्षांतून चार दिवस गाडींत बसतों,” असें शहरचे म्हणाले. “डिझेल मात्र बारा महिने आमच्या पैशाचें,” असें गांवचे म्हणाले. मोटारीच्या हिशेबापासून निघालेलें बोलणें धान्याच्या हिशेबापर्यंत गेलें, आणि पुढच्या पाडव्यास त्या घरांत दोन चुली पेटल्या. कारणें अर्थात् आधींचीं असलीं पाहिजेत. निमित्त तेवढें ऑइलचें झालें.

देवघरांतील पूजेची पाळी कोणाची, हें ठरलेलें असतें म्हणून ती चुकत नाहीं. मोटारीचेंहि तसेंच ठरवावें. गाडींत एक वही असावी. तींत तारीख, किलोमीटरचा अंक, ऑइलचें नांव व करविणाऱ्याची सही असावी. ही वही पुरुषाच्याच हातीं हवी, असें मुळींच नाहीं. आम्हीं पाहिलेल्या वह्यांत सर्वांत नीटस वही जुन्नरच्या एका सूनबाईंची आहे. आठवड्यांतून एकदां सपाट जागीं, थंड इंजिनांत पट्टी बुडवून पाहणें, हेंहि त्यांनीं आपल्याकडे घेतलें आहे. जुनें इंजिन थोडें ऑइल पितेंच. पातळी दोन खुणांच्या मध्यें असावी. वरच्या खुणेपलीकडे भरणें हेंहि अपायकारकच.

ऑइल कोणतें घ्यावें, ह्याविषयीं पुस्तिकेचेंच प्रमाण मानावें. अशा गाड्यांस बहुधा ‘१५ डब्ल्यू ४०’ सांगितलेलें असतें. पहिला अंक थंडींत तें कितपत वाहतें हें दर्शवितो, दुसरा तापल्यावर त्याची दाटी किती राहते हें. इंजिन जुनें म्हणून दाट ऑइल घालावें, असा सल्ला गॅरेजांत सर्रास मिळतो. पौषाच्या कडाक्यांत पहाटे गाडी सुरू करतांना दाट ऑइल वरपर्यंत पोंचण्यास उशीर लागतो, आणि झीज बरीचशी त्याच क्षणीं होते. डबा सीलबंद घ्यावा व रिकामा झाला कीं आपल्या देखत फोडावा. जुन्या डब्यांत नकली ऑइल भरून विकणारे लोक आहेत.

बदलतांना इंजिन कोमट असावें, म्हणजे गाळासह सर्व खालीं उतरतें. फिल्टर दरवेळीं नवाच हवा. तो जुना ठेवून पैसे वांचविणें म्हणजे स्नान करून मळकें धोतर नेसणें होय. निघालेलें ऑइल जरूर पाहावें. तें दुधाळ दिसलें तर रेडिएटरचें पाणी आंत शिरत आहे. त्यांत चकचकीत कण दिसले तर बेअरिंग जात आहे. डिझेलचा उग्र वास आला तर पंपाकडे किंवा नोझलकडे पाहावें. टर्बो असलेल्या गाडीनें घाट चढल्यावर इंजिन लगेच बंद करूं नये, मिनिटभर संथ चालूं द्यावें; टर्बोचें चक्र मिनिटास लाखावर फेरे घेतें व तें ऑइलवरच तरंगत असतें.

राहतां राहिलें तें काढलेलें पांच-सहा लिटर काळें ऑइल. गोठ्याच्या खांबांस वाळवी लागूं नये म्हणून तें फासण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि उरलेलें सरळ ओढ्यांत जातें. ह्या दोन तालुक्यांतून घोड, मीना, कुकडी व पुष्पावती ह्या नद्या वाहतात, आणि कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांचें पाणी पुढें किती शेतांस जातें, हें वाचक जाणतातच. वापरलेल्या ऑइलांत कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें असतात. त्यास उघड्या हातानें स्पर्शहि करूं नये, विहिरीजवळ सांडणें तर दूरच. कायद्यानेंहि, २०१६ च्या नियमांप्रमाणें, तें घातक टाकाऊ द्रव्यांतच मोडतें, व नोंदणी असलेल्या कारखान्यांत शुद्ध करून त्याचें पुन्हा तेल करतां येतें. ज्या गॅरेजांत तें पिंपांत सांठवून अशा कारखान्याच्या माणसास देतात, तेथेंच काम करवावें. घरीं बदललें तर झांकणाच्या डब्यांत भरून तेथें पोंचवावें, आणि डबा पोंचल्याची तारीखहि त्याच वहींत लिहावी.